नेम चुकला, तोही कागदावर!

होस्टेलवर नवीन आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. गाव कुठलं, ब्रँच कुठली आणि घरी काय करतात? पहिल्या दोघांची उत्तरं मी निवांत द्यायचो. कोल्हापूर, मेकॅनिकल. तिसऱ्या उत्तराला मात्र समोरचा दोन पावलं मागं सरकायचा. कारण आमचे काका पोरांना रायफल चालवायला शिकवतात!

घाबरू नका मित्रांनो. काकांची रेंज एअर रायफलची आहे, दहा मीटरची. दारूगोळा नाही, धूर नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो आणि समोरच्या टार्गेटवर जाऊन बसतो. टार्गेटमधला दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. वहीत पेनानं पूर्णविराम द्या, साधारण तेवढा. लहानपणी मला वाटायचं, जगात नेम धरण्याएवढी अवघड गोष्ट दुसरी नाही. पुढं कळलं की त्याहून अवघड गोष्ट आहे, विम्याचा फॉर्म खरा भरणं.

विषय वाचून लगेच पान उलटू नका. या गोष्टीत एक चूक आहे आणि ती माझी आहे.

आधी थोडं मागं जातो. ऑगस्ट २०१९. मी नववीत होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. काकांची रेंज जुन्या गोडाऊनमध्ये, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उघडलं तेव्हा आतून जो वास आला तो अजून नाकात आहे. रायफली चिखलात, टार्गेट ओढायच्या मोटरी चिखलात, कर्ज काढून आणलेली दोन इलेक्ट्रॉनिक टार्गेट्सही चिखलात. काकू रडत होत्या. काका म्हणाले, "रडू नगंस, इमा हाय."

विमा होता हे खरं. आगीच्या पॉलिसीत पूरही धरलेला होता. पण पैसे हातात आले तेव्हा ते नुकसानीच्या निम्मेही नव्हते. काकांना वाटलं कंपनीनं फसवलं. पण फसवणूक नव्हती, गणित होतं. समजा सामान दहा लाखांचं आहे आणि आपण विमा पाच लाखांचाच उतरवलाय. नुकसान झालं चार लाखांचं. आपण म्हणतो, चार हे पाचाच्या आत आहेत, चार द्या. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढलात, तर निम्मंच नुकसान आमचं. मिळणार दोन. काकांनी जुनाच आकडा वर्षानुवर्षं पुढं ओढला होता, नवीन टार्गेट्स त्यात धरलीच नव्हती. (१ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आली, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ असते. पण निम्मी तूट कोण माफ करणार?)

दुसरा फटका याहून वाईट. चार मुलांनी स्वतःच्या रायफली रेंजवरच ठेवल्या होत्या. दुसऱ्याचा माल आपल्याकडं सांभाळायला असेल, तर तो पॉलिसीत स्पष्ट लिहावा लागतो. आमच्या पॉलिसीत तो शब्द नव्हता. काकांनी त्या चौघांचे पैसे दोन वर्षं हप्त्यानं फेडले. कुणी मागितले नव्हते, तरी फेडले. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला, पण तोवर पाऊस वाढला की रायफली वरच्या मजल्यावर न्यायची शिस्त लागली होती.

मग उजाडला १ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरूला होती आणि तिथं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवलं. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक! कोल्हापुरात फटाके वाजले आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात पालकांची रांग लागली. ज्या रेंजवर दहा पोरं यायची तिथं चाळीस झाली. एका शाळेनं तर आख्खी बॅच पाठवायची तयारी दाखवली. अट एकच, 'पब्लिक लायबिलिटी'ची पॉलिसी पाहिजे.

ही पॉलिसी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आगीचा विमा आपल्या मालासाठी. ही पॉलिसी दुसऱ्यासाठी. आपल्या जागेत, आपल्या चुकीनं बाहेरच्या माणसाला इजा झाली आणि कायद्यानं भरपाई द्यायची वेळ आली, तर ती कंपनी देते. एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती, याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून जाते. रेंजवरचा पगारी माणूस त्यात येत नाही, त्याच्यासाठी वेगळी पॉलिसी. शिकणारी मुलं धरलीत की नाही तेही आधी विचारून लिहून घ्यावं लागतं. काका तोवर पालकांकडून 'काही झाल्यास आमची जबाबदारी' असं लिहून घ्यायचे आणि निर्धास्त असायचे. शाळेनं त्यांना समजावलं की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं अज्ञान मुलाचा करारच होत नाही, आणि आपल्या निष्काळजीपणावर असल्या कागदाचं पांघरूण पुरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. काकांनी फॉर्म माझ्यापुढं टाकला. "तू इंजिनेर हुणार न्हवं? भर की." मी सेकंड इयरला. दोन वर्षं सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग्ज 'सेट' करून हात तयार झालेला! फॉर्ममध्ये प्रश्न होते. व्यवसायाचं नेमकं स्वरूप काय? अठराच्या खालची मुलं येतात का? हवेची सिलिंडर किती? मागं कधी नुकसान झालंय का? मी हिशेब केला. 'रायफल रेंज' लिहिलं तर पाहणी होणार, चौकशा होणार, हप्ता वाढणार. मी लिहिलं, 'क्रीडा व व्यायाम वर्ग'. सिलिंडर, शून्य. मागचं नुकसान, नाही. काकांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता ना.

पॉलिसी आली. हप्ता कमी बसला म्हणून काकूंनी मला श्रीखंड-पुरी खाऊ घातली.

जानेवारी २०२५. रात्री साडेनऊला मेसमधून येत होतो तेव्हा काकांचा फोन. एका मुलाचा छर्रा टार्गेट सोडून मागच्या लोखंडी पत्र्याच्या बोल्टवर बसला आणि त्याचा तुकडा उलटा आला. बाजूच्या बाकावर नंबर लागायची वाट बघत एक सातवीतली मुलगी बसली होती. तिला डोळ्याखाली लागलं. दोन टाके. डॉक्टर म्हणाले, एक सेंटिमीटर वर असतं तर डोळा गेला असता.

आणि मग काका म्हणाले, "पोरगी बरी हाय. खर्चाचं काय न्हाई, आपली पॉलिसी हायच की."

मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. शेजारच्या रूममध्ये कॅरम चालू होता. मला 'हो' म्हणता आलं नाही आणि 'नाही'ही म्हणता आलं नाही. त्या रात्री झोप आली नाही. उगाच आकडे मांडत बसलो. छर्रा अर्धा ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. म्हणजे सात ज्यूलच्या आसपास. एक किलोचं वजन पाऊण मीटरवरून पडलं तर होते तेवढी ऊर्जा. ऐकायला काहीच नाही. पण ती साडेचार मिलिमीटरच्या टोकावर येते. आणि डोळा तर कुठल्याच आकड्यात बसत नाही.

सकाळी फोन करून काकांना सगळं सांगितलं. विम्याचा पाया म्हणजे दोन्ही बाजूंनी पूर्ण खरेपणा. कंपनीला धोका किती ते ठरवायचं असतं आणि तो आपण सांगितल्याशिवाय तिला दिसत नाही. महत्त्वाची गोष्ट लपवली असेल तर दावा नाकारायचा हक्क तिला मिळतो. म्हणजे आपल्याकडं पॉलिसी आहे, पण ती एका व्यायामशाळेची आहे, जी अस्तित्वातच नाही!

काका बराच वेळ गप्प. मला शिव्या चालल्या असत्या. मग म्हणाले, "लेका, पैसं दिऊन फाटकी छत्री आणलीस. बरं झालं, पाऊस मोठा न्हवता." एवढंच.

त्यांनी दावा केला नाही. मुलीचा सगळा खर्च स्वतः दिला, तिच्या वडिलांना घरी जाऊन भेटले, रेंज बंद ठेवली आणि विमा कंपनीला पत्र दिलं की आमच्या फॉर्ममध्ये चुकीची माहिती गेली आहे, ती दुरुस्त करायची आहे. शाळेलाही खरं सांगितलं. शाळेनं बॅच थांबवली. त्या बॅचच्या भरवशावर काकांनी नवीन चार रायफलींची ऑर्डर दिली होती, ती रद्द केली. माझ्या हुशारीची ही किंमत.

कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा मीही मुद्दाम गेलो होतो. मला वाटलं होतं सूट-बूटवाला साहेब येईल आणि चुका काढेल. आले ते साधे गृहस्थ, हातात टॉर्च. त्यांनी जे प्रश्न विचारले ते जवळजवळ त्या फॉर्ममधलेच होते. सिलिंडरवरची तारीख बघितली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सिलिंडरची मुदत दहा वर्षं असते, त्यानंतर ते चालत नाही. दोनशे बारच्या दाबाची ती नळी आहे, शोभेची वस्तू नाही. आमच्याकडची दोन मुदत संपलेली निघाली! वाट बघणारी मुलं कुठं बसतात, ते विचारलं. मागच्या पत्र्यावर बोट फिरवून खड्डे आणि बोल्टची डोकी दाखवली. म्हणजे जो रकाना मी शून्य लिहून भरला होता तिथंच दोन धोके होते, आणि ज्या पाहणीला टाळलं तिनं तो बोल्ट दाखवला असता. दिवाळीतच.

मग मात्र मेकॅनिकलचा थोडा उपयोग झाला. मागचा पत्रा बदलला, तो सरळ उभा न ठेवता पंचेचाळीस अंशात तिरका लावला, म्हणजे छर्रा आदळला की खाली वाळूच्या पेटीत जातो. बोल्ट मागच्या बाजूनं घेतले. बसायचे बाक काचेच्या पार्टिशनमागं गेले. रेंजवर गॉगल सक्तीचा. रायफल खाली ठेवली की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग असलाच पाहिजे, म्हणजे लांबूनही कळतं की आत छर्रा नाही. आणि एक गोष्ट अशी कळली जी कुठल्याच पैशानं भरून येत नाही. शिशाची धूळ. हळूहळू होणारं प्रदूषण अशा पॉलिसीत सहसा वगळलेलंच असतं. म्हणून आता रेंज कोरड्या झाडूनं झाडत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात आणि हात धुतल्याशिवाय कुणाला डबा उघडू देत नाहीत.

नवी पॉलिसी आली. त्यात 'एअर रायफल प्रशिक्षण केंद्र' असं ठळक लिहिलंय, मुलांचं वय लिहिलंय, २०१९ चा पूर लिहिलाय, दुसऱ्यांच्या रायफलींसाठी आगीच्या पॉलिसीत ओळ वाढवलीय. हप्ता किती वाढला असेल? काकांच्या रेंजच्या एका महिन्याच्या लाइटबिलाएवढा. ज्याच्यासाठी मी खोटं लिहिलं तो फरक एवढाच होता! जूनमध्ये शाळेची निम्मी बॅच परत आली. ती सातवीतली, आता आठवीत गेलेली मुलगीसुद्धा आली. गॉगल लावून, पहिल्या लेनवर. काकांनी तिचं टार्गेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. गुण काही फार नाहीत, तरीही.

आपल्या वर्कशॉपच्या दारात एक रजिस्टर आहे. 'सेफ्टी शूज घातले आहेत', 'मशीनचे गार्ड तपासले' अशा ओळींपुढं आपण सगळे भराभर टिक करतो. कित्येकदा चपलेवर उभं राहून. मीही करायचो. आता पेन त्या रकान्यावर आलं की हात थांबतो. मी खाली वाकून पायाकडं बघतो. मागं रांगेतली पोरं ओरडतात, "आवर की रे, काय वाचत बसलायस?"

वाचतोय मित्रांनो. एकदा न वाचता भरलं होतं.

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी