खराट्याचे सुख

काही सुखे चारचौघांत बोलून दाखवण्याची सोय नसते. कुणी गाण्याच्या मैफलीविषयी बोलतो, कुणी पत्त्यांच्या डावाविषयी. मला अंगण झाडण्यात सुख वाटते, असे म्हटले की लोक माझ्या प्रकृतीची चौकशी करू लागतात!

आमचे अंगण भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचे, आणि त्यात एक जुना कडुनिंब. दिवाळीत तो सभ्य गृहस्थासारखा हिरवागार उभा असतो. नेमका तेव्हाच अमेरिकेतला भाचा मोबाईलवर लाल-पिवळ्या पानांचे फोटो धाडतो. तिकडे दिवस आखडून थंडी पडू लागली की झाडे पाने टाकतात. आमच्याकडे जमिनीतला ओलावा सरू लागला की. म्हणून त्याची पानगळ आमच्या धानकापणीच्या दिवसांत येते आणि आमची माघ-फाल्गुनात. कारण निराळे, शहाणपण एकच. झाड पानातले कामाचे अन्न आधी फांदीत ओढून घेते, देठाशी बुचासारखा थर बांधते आणि मगच त्याला निरोप देते.

पूर्वी हे अंगण हिच्याकडे होते. मी चहाचा कप घेऊन बाहेर येईपर्यंत सडा-रांगोळी झालेली असे. मग दोन वर्षांपूर्वी हिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि खराटा माझ्या हाती आला. कौतुक करायला खुर्ची पुरते. झाडायला कंबर लागते, हे त्या दिवशी समजले.

पण या कामातही शास्त्र आहे, बरे का! कडुनिंबाची पाने बारीक. घरातल्या केरसुणीला ती दाद देत नाहीत. आधी पाण्याचा हलका शिपका मारावा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. वाऱ्याकडे पाठ करावी. वाऱ्याशी भांडून पाने गोळा होत नाहीत. मागे मागे सरकत झाडावे, म्हणजे आपलीच पावले उमटत नाहीत. शेवटी मातीवर काड्यांच्या अर्धगोल रेषा तेवढ्या राहतात. ओसरीवरून ही देखरेख करतेच, "अहो, तुळशीमागचा कोपरा राहिला!"

एक शेजारी म्हणतात, "एवढे कष्ट कशाला? ढीग करा आणि काडी लावा." उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली देशभर बंदी केली, हे तर खरेच. पण आमच्या भागाला त्या काडीचे भय निराळे आहे. चैत्रात पहाटे मोहफुले टपटप पडतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची जुनी रीत आहे. विस्तव आवरला नाही की वणवा रानात शिरतो. आणि २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झालेले नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल येथून फार दूर नाही. त्याच मोहाखाली खराटा फिरवला तरी फुले तितकीच दिसतात. फरक काय तो थोड्या घामाचा.

आमचा पाला मी परसातल्या खड्ड्यात टाकतो. वर शेणकाला, अधूनमधून पाणी. मृग लागेपर्यंत त्याचे काळेभोर खत होते आणि वांगी-मिरचीच्या वाफ्यांत जाते.

गेल्या होळीला मुलगा नागपुराहून आला. मला वाकलेले पाहून त्याला कळवळा आला. "बाबा, हे झाड काढून टाकू आणि गट्टू बसवू. कचरा नाही, कटकट नाही." त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच उत्तर अवघड होते. माझीही साठी उलटली आहे. मी हिच्याकडे पाहिले. या झाडाची पाने जिने सर्वांत जास्त वर्षे गोळा केली, तिचाच शब्द शेवटचा.

ती शांतपणे म्हणाली, "दोन महिने तो पाने टाकतो आणि दहा महिने सावली देतो. हिशेब तूच कर."

मुलाने हिशेब केला असावा. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात खरखर ऐकू आली. पाहतो तो चिरंजीव खराटा घेऊन उभे! अर्थात वाऱ्याकडे तोंड करून.

झाडून झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून अंगणाकडे बघत होता. तेवढ्यात वरून एक पिवळे पान गिरक्या घेत आले आणि त्या स्वच्छ मातीच्या मधोमध बसले. तो उचलायला वाकला. मी म्हटले, "राहू दे. ते उद्याचे आहे."