शब्दांचे मूळ गाव

कुणाला जुनी नाणी जमविण्याचा छंद असतो, कुणाला टपालाच्या तिकिटांचा. मला शब्दांची मूळ गावे शोधण्याचा आहे. या छंदाला खर्च नाही, त्यावर धूळ साचत नाही आणि धर्मगुरूची बदली झाली तरी सामानाचे वजन वाढत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात फिरताना तर तो फारच बहरला. कारण येथे माणसे आणि शब्द एकाच डब्यातून प्रवास करतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने! पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. इतिहासकारांनी हे सारे नोंदविले. पण त्या गाडीतून कोणकोणते शब्द उतरले, याची नोंद स्टेशनमास्तरांच्या वहीत नसावी. 'प्लॅटफॉर्म' उतरला आणि मराठी जिभेवर घासून घासून त्याचा 'फलाट' झाला. 'टिकेट' स्वतःच 'तिकीट' होऊन बसले. त्यांनी आपली ऐट सोडली, मराठीने थोडी जागा करून दिली. डोंबिवलीच्या गर्दीत तीन माणसांच्या बाकावर 'जरा सरका हो' म्हणताच चौथ्याची सोय होते, तसेच हे.

या गाडीत कधी कधी माझ्या गळ्यातील क्रूस पाहून एखादे सद्गृहस्थ मोठ्या प्रेमाने म्हणतात, "फादर, तुमचं मराठी फार छान आहे हो! कुठे शिकलात?"

"आईकडे," असे मी सांगतो. तेही हसतात, मीही हसतो. त्यांचा हेतू चांगलाच असतो, तरीही मनात एक बारीक काटा रुततो. आपल्याच घरात कुणी आपल्याला 'या, बसा, परके समजू नका' म्हणावे, तसे वाटते. मग माझी नजर त्यांच्या हातातील वडापावाकडे जाते आणि मनाला गंमत वाटू लागते. 'पाव' पोर्तुगीजांकडून आलेला, 'बटाटा' त्यांच्याच गलबतातून उतरलेला. वडा तेवढा मूळ रहिवासी! त्यांच्या खिशातील 'चावी', घरची 'बादली', दाराची 'बिजागरी', बाजारातील 'कोबी' ही सारी त्याच वाटेने आलेली मंडळी. 'पगार' तर असा मुरला आहे की महिन्याच्या एक तारखेला त्याचे मूळ गाव कुणी विचारीत नाही.

ठाण्याने तर या बाबतीत एक अजब विनोद जपून ठेवला आहे. येथील किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि तो आजही तुरुंगच आहे. हा 'तुरुंग' शब्दही पोर्तुगीजच. मालक गेले, शब्द मात्र जन्मठेपेवर राहिला!

सुरांचीही हीच कथा. सकाळच्या लोकलमधील भजनी मंडळींच्या टाळांना पेटीची साथ नसते, कारण गर्दीत ती मांडायची कोठे? पण मंदिरात असो वा चर्चमध्ये, पेटीवाचून आपले भागत नाही. ही पेटी मूळची युरोपची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला आणि ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला परकी आणि बेसूर ठरवून दाराबाहेर उभे केले होते. त्याच काळात संगीत नाटके, कीर्तने आणि आमची उपासना-गीते मात्र तिच्याच साथीने रंगत होती.

असे मौजेत चालले असताना मध्यंतरी एका रविवारी मी थबकलो. गायकवृंदातील एक मुलगी मराठी गीत अतिशय भावपूर्ण गात होती. तिच्या हातातील कागदावर मात्र तेच शब्द रोमन लिपीत उतरवून घेतलेले होते. "फादर, बोलता येतं, पण वाचायला वेळ लागतो," ती म्हणाली. तिचे आजोबा रोज रात्री मराठी बायबल मोठ्याने वाचीत. तिसऱ्या पिढीत ती पाने मुकी झाली होती.

मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठीच्या प्रेमात पडला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. देवनागरीत ते छापून यायला १९५६ उजाडावे लागले. जुन्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. हस्तलिखितांनी आणि ओव्या गाणाऱ्या कंठांनी ते पुराण तगवून धरले.

तेव्हा त्या मुलीच्या कागदाकडे पाहून मी निराश झालो नाही. मात्र स्टीफन्सपाशी खिळे नव्हते, आपल्यापाशी आहेत, हा फरक मनातून जाईना. परके शब्द आले म्हणून भाषा कधी मेली नाही. घरात कुणी मोठ्याने वाचीनासे झाले की ती हळूहळू ओसरते. पाव आणि पेटी यांना आपण आपले केले. आता आपल्याच नातवंडांना आपली अक्षरे परकी वाटू लागली, तर गाडीतील त्या सद्गृहस्थांना मी कोणत्या तोंडाने उत्तर द्यावे?

आता रविवारी मिस्सानंतर वीस मिनिटे आम्ही चार-पाच जण बसतो. मुले एकेक कडवे वाचतात, अडखळतात, हसतात. जोडाक्षराशी गाडी हमखास थांबते. पण कुणी ना कुणी ढकलतो आणि ती पुढे निघते.