आतलं कापड

दसरा सरला की आमच्या गंगाखेड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्या बिऱ्हाडात घालायला आम्ही चौघीपाचजणी पावसाळाभर वाकळा शिवतो. कापड घरोघर मागून आणायचं, कमी पडलं तर बोहारणीच्या ढिगातून जुनेर विकत घ्यायचं.

नऊवारी लुगडं हाती लागलं की सोनंच. चार तुकडे करून दोन-दोन जोडले की वाकळीची वरची-खालची दोन्ही अंगं होतात. सहावारीत एकच निघतं. पण सुती लुगडी आता येणार कुठून? नेसणाऱ्याच राहिल्या नाहीत. गाठोड्यांतून निघतात त्या आहेरात आलेल्या, घडीही न मोडलेल्या सुळसुळीत पॉलिस्टरच्या साड्या.

पहिल्या वर्षी मी त्याच आत भरल्या. वर सुती आहे ना, आतलं कोण बघतंय! वाकळा जास्त व्हाव्यात म्हणून टाकेही लांब-लांब घातले. पाडव्याला टोळी परतली तेव्हा एका मावशीनं तिची वाकळ माझ्यापुढं पसरली. "वरून लई चांगली हाय, ताई. पण आतलं समदं पायाकडं गोळा व्हतंय." फडाच्या कडेला, पाचटाच्या खोपीत, दोन लेकरांना कुशीत घेऊन ही बाई रात्र-रात्र वाकळ झटकत बसली होती. इथं परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांखाली जातो. थंडी मला माहीत नव्हती असं नाही. मी ती वाकळ तिथंच उसवायला घेतली.

आता आलेलं कापड कढत पाण्यातून काढते, गुंड्या, हूक, चेन उसवते, मग दोन्ही हातांनी ताणून बघते. टर्रकन फाटलं तर पोतेऱ्याला. विरलेलं पण धड असलेलं सुती धोतर आतल्या थराला सगळ्यात चांगलं. सुईला मऊ, अंगाला ऊब. धावदोरा कडेनं सुरू करून चौकटीत चौकट घालत मध्याकडं न्यायचा, दोन ओळींत बोटभरच अंतर. वाकळा निम्म्यानं कमी होतात. होऊ देत.

गंगाखेड हे जनाबाईचं गाव. पांडुरंग घाईघाईत आपला शेला तिच्याकडं विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात गेला, ही गोष्ट इथं पोरीबाळींनाही पाठ. शिवायला बसले की मनात येतं, नामदेवांच्या घरच्या दासीची ती वाकळ. तिच्यात त्या घरचं जुनेरच असणार, कुणीतरी दिलेलं.

परवा एका घरून, नुकत्याच गेलेल्या आजोबांची सहा धोतरं आली. निळीची छटा अजून तशीच आहे. सगळी आत घालते आहे.