आवळण्याआधी

चढावर येझदी ओढायला लागली की खालून टकटक ऐकू यायची. पिस्टनचा आवाज वेगळा, तो वरून येतो. हा कनेक्टिंग रॉडचा होता, मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा. इतकी वर्षं धावलेल्या इंजिनात ते झिजणारच. पण तिथं पोचायचं तर इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं आणि क्रॅंककेसचे दोन्ही चेंबर फोडावे लागतात, दुसरी वाट नाही.

म्हैसूरच्या आयडियल जावानं ही येझदी रोडकिंग मोटारसायकल १९७८ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तरी कोल्हापूर-पुण्याकडे ही इंजिनं अजून उतरवली जातात, भरली जातात. अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर असले तरी सिलिंडर एकच, किक आणि गिअर एकाच दांडीवर. माणसाला समजेल असं हे यंत्र आहे, आणि त्याला घडवणाऱ्यांबद्दल मला याच कारणानं फार आदर वाटतो.

उतरवणं पटकन होतं. पेट्रोलचा कॉक बंद, सायलेन्सर, कार्बोरेटर, क्लच वायर, चेनचं लॉक, वायरिंग, मग फाउंडेशनचे बोल्ट. आमचे मिस्त्री काढलेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टवर दोन आटे फिरवून ठेवतात. काढतानाच ते बसवण्याचा विचार करत असतात. इंजिन खोलणाऱ्याचं लोक कौतुक करतात. माझ्या मते खरं कसब भरणाऱ्याचं.

क्रॅंकच्या दोन चकत्या एका पिनवर दाबून बसवलेल्या असतात. नवा रॉड घालायचा तर त्या प्रेसवर वेगळ्या करायच्या, पुन्हा दाबायच्या आणि मग डायल लावून फिरवून बघायच्या. फरक शतांश मिलिमीटरमध्ये मोजायचा असतो. लेथवाला तांब्याच्या हातोडीनं एक हलका ठोका द्यायचा, काट्याकडे बघायचा, थांबायचा. त्या थांबण्यात घाई करून चालतच नाही.

चेंबरमध्ये बेअरिंग बसवताना तर हातोडी लागलीच नाही. मिस्त्रींनी चेंबर तापवला. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तापलेल्या घरात थंड बेअरिंग आपसूक उतरलं. ठोकून बसवलं असतं तर घर ओरबाडलं गेलं असतं, आणि ओरबाडलेलं घर पुढच्या वेळी बेअरिंग धरत नाही. मला हे बघायला फार आवडतं. बळानं जे बिघडलं असतं, ते दोन धातूंचा स्वभाव ओळखल्यामुळे सहज झालं.

पिस्टनचंही तसंच. टू-स्ट्रोकच्या रिंगच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगची फट त्या खुंटीवरच यायला हवी, नाहीतर तिचं टोक पोर्टमध्ये अडकतं. मिस्त्री सिलिंडर खाली सरकवण्याआधी नखानं रिंग चाचपतात. सर्कलिप घालताना क्रॅंकच्या तोंडात फडकं कोंबतात, कारण तिथून आत पडलेली वस्तू काढायला सगळं पुन्हा खोलावं लागेल.

शेवटी इंजिन फ्रेममध्ये चढवलं. हाताखालच्या पोरानं पहिल्याच बोल्टला पाना लावला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "थांब. सगळे आत जाऊ देत, मग आवळ." एक बोल्ट आधीच करकचून आवळला, तर शेवटचा भोकासमोर येतच नाही, मग पहारीनं रेटावं लागतं आणि आटे जातात. सगळे सैल असतानाच इंजिन आपली जागा शोधतं. तेवढ्या ढिलेपणाचा मान राखणारा माणूसच ते बसवू शकतो, हे माझं ठाम मत झालं आहे.

किक मारली. टकटक नव्हती. तरी मिस्त्रींनी गाडी लगेच ताब्यात दिली नाही. इंजिन पुरतं गार होऊ दिलं आणि हेडचे नट तिरप्या जोडीनं पुन्हा तपासले, कारण नवं पॅकिंग एकदा तापल्यावर दबतं. दोन नटांना पाव फेरा चाल मिळाली.