कितवा स्लॅब?

वरळीच्या बीडीडी चाळींतली माणसं हल्ली शहरभर पांगली आहेत. कुणी लालबागला भाड्याने राहतं, कुणी गिरणीच्या जागेवर उठलेल्या इमारतीतल्या संक्रमण घरात, कुणी विरारला लेकीकडे. पण लग्नात भेटोत, बाराव्याला भेटोत, की नाक्यावर मासळी घेताना, विचारपूस एकाच प्रश्नाने सुरू होते. ‘कितवा स्लॅब पडला?’

माझी आत्या हा प्रश्न नंदिगड्ड्याहून विचारते. चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा तिच्या मुलाने उपनगरात भाड्याची जागा घेतली. चौथा मजला, लिफ्ट कायम बंद. आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले. “इमारत होईस्तोवर मी माहेरी जाऊन राहते,” म्हणाली आणि खरंच गेली. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं आमचं हे गाव म्हणजे दरीतली भाताची खाचरं, उतारावरच्या पोफळीच्या बागा आणि चहूकडून रान. पावसाळ्यात चार महिने आभाळ खाली उतरतं ते वर जायचं नाव घेत नाही. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ती बागेच्या वरच्या बांधावर येऊन उभी राहते. माझा फोन तिथेच लागतो. मी वरळीजवळ नोकरीला, जी. एम. भोसले मार्गावरून रोजचं येणं-जाणं. तिच्या घराची बातमी पोचवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

आधी वाटायचं, म्हातारीचं मन रमतं, सांगावं झालं. हळूहळू मीच त्यात गुंतलो. मैदानाच्या बाजूला बस वळली की मान आपोआप वर जाते. एकेक मजला मोजायचा, कालच्यापेक्षा काय वाढलं ते हेरायचं, संध्याकाळी आठवून नीट सांगायचं. बांधकाम पाहणं म्हणजे नुसतं बघत बसणं नव्हे, हे मला या फोनांनी शिकवलं. राहणारा माणूस घरात पाऊल टाकायच्या कितीतरी आधीपासून त्या घरात राहू लागलेला असतो.

आत्याची चाळ उभी राहत होती तेव्हा मात्र तिची अशी वाट पाहणारं कुणीही नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत माणसं मावेनात. गिरण्यांना मजूर हवे होते आणि मजुरांना डोकं टेकायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, शहराच्या विकासासाठी नवं सरकारी खातं निघालं आणि त्याच खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या चाळी बीडीडी झाल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधून अंधारा बोळ आणि शौचालयं सामाईक. सिमेंट-काँक्रीटच्या या खोल्या कामगारांसाठी म्हणून बांधल्या, पण कामगारांना काय हवं ते कुणी विचारलं नाही. वरळीच्या चाळी गिरण्यांपासून लांब आणि उजाड पडल्या. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांतल्या पुष्कळ खोल्यांना भाडेकरू मिळेना. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रह्यांना डांबायला याच चाळींचा तुरुंग केला गेला.

नंतर माणसं आली. रत्नागिरीची, साताऱ्याची, सांगलीची आली, तशीच आमच्याकडची, बेळगाव-हल्याळचीही. आत्याचे यजमान हल्याळकडचे, गिरणीत साचेखात्यात. आत्या लग्न होऊन त्या १६० चौरस फुटांत आली तेव्हा आत सासू-सासरे, दोन दीर आणि एक गाववाला होता. रात्री बोळात अंथरुणं पडत. १९८२ च्या संपात गिरणी बंद झाली ती झालीच, पण खोली राहिली. त्या खोलीत तिने तीन मुलं वाढवली, दिरांची लग्नं लावली, जांबोरी मैदानावरच्या दहीहंड्या, सभा, मोर्चे पाहिले. एका दंगलीत दार लावून बसली आणि दार उघडल्यावर समोरच्या घरी पहिल्यांदा चहा घेऊन गेली. ज्या भिंती बांधताना कुणाला आस नव्हती, त्यांना माणसांनी राहून राहून घरपण आणलं. शंभर वर्षं झाली तशा त्या भिंती मात्र थकल्या. छताचं प्लास्टर सुटून आतल्या सळ्या उघड्या पडल्या. समुद्राचं खारं वारं त्यांना लागलं, सळ्या गंजून फुगल्या आणि गंजाच्या जोराने आणखी प्लास्टर पडलं. आत्या पलंगावर छत्रीचं कापड बांधून झोपायची.

पुनर्विकासाचं भूमिपूजन जांबोरी मैदानावर २०१७ च्या एप्रिलमध्ये झालं. म्हाडाकडे काम आलं. प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर, तेही विनामूल्य, असं ठरलं. मग पात्रता, करारनामे, हरकती, बैठका. वरळीत प्रत्यक्ष कामाचा प्रारंभ व्हायला १ ऑगस्ट २०२१ उजाडलं. काही कुटुंबं संक्रमण घरांत गेली, काहींनी भाडं घेऊन बाहेर जागा शोधली आणि एकेक चाळ पाडली जाऊ लागली.

इमारतीच्या बातम्यांत सगळ्यात अवघड दिवस पहिले. महिनोन्‌महिने वर काहीच दिसत नाही. पत्र्याच्या कुंपणाआड यंत्रं घरघरतात, चिखलाने माखलेले डंपर बाहेर पडतात, एवढंच. आत्या विचारायची, “अरे, काय वर आलं की नाही?” मी म्हणायचो, “खालीच चाललंय.” तिला ते पटायचं. “खालचं काम धीरानेच होऊ दे,” म्हणायची. चाळीस मजल्यांचं वजन खडकापर्यंत पोचवायचं, वारा इमारतीला ढकलतो तो जोर पायात जिरवायचा, तर खाली वेळ जाणारच. शेवटी एक दिवस टॉवर क्रेनचा पिवळा हात कुंपणावरून वर आला. त्या संध्याकाळी आत्याने विचारायच्या आधीच मी पहिल्यांदा आपणहून बातमी सांगितली.

पुढे कळत गेलं की एक मजला म्हणजे किती हातांची गाठ असते. सेंट्रिंगवाले साचा उभा करतात, फिटर सळ्या वाकवून तारेने बांधतात, विजेचे पाइप त्याच जाळीत आधीच सोडले जातात, इंजिनियर मापं तपासतो आणि मग पंपाने काँक्रीट वर चढतं. एकदा सुरू झालं की मध्येच थांबवायचं नाही, नाहीतर सांधा कच्चा राहतो. म्हणून स्लॅबच्या रात्री दिव्यांचा उजेड पहाटेपर्यंत असतो. त्याच काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे साच्यात भरून पाण्यात ठेवतात. काही सातव्या दिवशी दाबून फोडतात, काही अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि ते किती भार सोसतात ते लिहून ठेवतात.

कुंपणाजवळच्या टपरीवर एका मुकादमाशी माझी ओळख झाली. त्याने एकदा खिशातून सिमेंटची बोटभर वडी काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्यातून एक बारीक तार बाहेर आलेली. “हा कव्हर ब्लॉक,” म्हणाला. सळईच्या खाली हा बांधला की सळई साच्याला टेकत नाही, काँक्रीट तिच्या चारी बाजूंनी बसतं आणि तिला हवा-पाणी लागत नाही. “समुद्र इथे जवळ आहे साहेब. हा विसरला, तर वीस वर्षांनी छतातून सळई डोकावेल.” वडी खरखरीत होती, एका अंगाला सळई बसायला खोबण. आत्याच्या डोक्यावर जे छत गळत होतं, त्यात काय कमी पडलं असावं ते मला त्या वडीने दाखवलं. फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्याला म्हणावं, आमच्या मजल्यावर बघून लाव रे बाबा.”

आमच्या गावी घर बांधायचं तर पावसाळा सरल्यावर. पाया खणायचा, मातीत पाणी घालून ती पायांनी मळायची, भिंतीचा एक थर घालायचा आणि तो सुकेपर्यंत दुसऱ्या थराला हात लावायचा नाही. ऐनाचे, किंदळाचे वासे, वर कौलं. दाराची चौकट बसवायच्या दिवशी गावातलं प्रत्येक घर येऊन जातं. कुणी तांदूळ आणतं, कुणी नारळ, कुणी नुसता हात लावायला येतं. त्या हात लावण्याला फार अर्थ आहे. उद्या वादळात कौलं उडाली तर हीच माणसं वर चढणार असतात. आत्याला शहरातल्या घराबद्दल एकच गोष्ट खटकायची. “चौकटीला आमचा हात लागणार नाही ना रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण स्लॅब मोजत राहणं हाच तिचा लांबून लागलेला हात होता, असं मला आता वाटतं.

बांधकामाकडे डोळे लावून बसायची दुसरीही एक तऱ्हा आमच्या तालुक्याने पाहिली आहे. तालुक्याचं ठाणं पूर्वी सुपा होतं, काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं. बाजार तिथे, कचेरी तिथे. गणेशगुडीला धरण बांधायला घेतलं आणि भिंत वर वर येऊ लागली. १०१ मीटर उंचीची, ३३२ मीटर लांबीची ती भिंत १९८७ मध्ये पुरी झाली. सुपा पाण्याखाली गेलं, माणसं रामनगरला आणि आणखी कुठे कुठे गेली, तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. आत्या तेव्हा मुंबईहून माहेरी यायची ती दांडेलीच्या बसने. दर खेपेला भिंत उंच झालेली दिसायची आणि बसमधली सुप्याची माणसं त्या भिंतीकडे बघून मुकी व्हायची. ती माणसंही स्लॅबच मोजत होती. त्यांच्या हिशेबात मात्र एक थर वाढला की आपलं गाव एक थर खोल जात होतं. वीज झाली, कारखाने चालले, घराघरात दिवे लागले. हे सगळं खरं आहे आणि ज्यांचं अंगण बुडालं त्यांचं दुःखही तितकंच खरं आहे. आत्या वरळीच्या इमारतीबद्दल इतकं खोदून विचारते त्यामागे सुपा आहे. उभ्या राहणाऱ्या भिंतीकडे बघून आपण आत असू की बाहेर, हे आधी कळायला हवं, एवढी शहाणीव तिला त्या बसने दिली.

आत आणि बाहेर हा हिशेब मजुरांच्याही वाट्याला येतो. टपरीवर भेटणारी मुलं बिहारची, झारखंडची, काही आमच्याच उत्तर कर्नाटकातली. आमच्या जोयड्याचीही कितीतरी पोरं गोव्यात अशाच इमारतींवर काम करतात. त्यांना विसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, तो घरमालकाच्या आधी. घर झालं की ती पुढच्या साइटवर जातात. इमारतीच्या दारात भूमिपूजनाची कोनशिला लागते, उद्‌घाटनाची लागते. सळ्या बांधणाऱ्यांची नावंही कुठेतरी कोरायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

१४ ऑगस्ट २०२५ ला माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. आत्याच्या बोळात समोर राहणाऱ्या कुटुंबाचं त्यात नाव होतं. त्यांनी मला आग्रहाने वर नेलं. बैठकीची खोली, झोपायच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र न्हाणीघर. घरातल्या आजी न्हाणीघराचं दार उघडून आत गेल्या, कडी लावली, कडी काढली, पुन्हा लावली. आयुष्यभर सामाईक शौचालयाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला त्या कडीत काय सापडलं ते कुठल्याही चौरस फुटांत मोजता येणार नाही. मी वर पाहिलं. छत कोरडं, सपाट, पांढरं होतं.

आत्याचं घर पुढच्या टप्प्यातल्या इमारतीत. ती इमारत अजून वर चढते आहे, आणि आमचे फोनही चालू आहेत.

विकत घर घेणाऱ्यासाठी आता कायदा आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा झाला, १ मे २०१७ पासून महारेरा कामाला लागलं आणि काम कुठवर आलं ते दर तिमाहीला जाहीर करणं विकासकावर बंधनकारक झालं. बांधकाम चालू असताना त्यात डोकावायचा अधिकार राहणाऱ्याला आहे, हे कायद्याने मान्य केलं. ही मोठी गोष्ट आहे. पण तो कायदा पैसे मोजणाऱ्याला समोर ठेवून लिहिला गेला. ज्यांनी आपली राहती खोली सोडून दिली, तेही किंमत मोजूनच बसले आहेत. ती बँकेत भरली नाही, एवढाच फरक. त्यांना कुंपणाच्या फटीतून का बघावं लागावं? प्रत्येक पुनर्विकासाच्या दारात, मराठीत, मोठ्या अक्षरांत फळा असावा. या महिन्यात किती स्लॅब पडले, ठोकळ्यांची चाचणी काय आली, काम अडलं असेल तर कशाने, पुढचा ताबा कधी. महिन्यातून एकदा म्हाताऱ्या माणसांना हेल्मेट घालून आत न्यावं, त्यांच्या मजल्याखाली उभं करावं, चौकट बसेल त्या दिवशी तिला हात लावू द्यावा. याला पैसा फार लागणार नाही. शंभर वर्षांपूर्वी माणसांना न विचारता घरं बांधली, ती वर्षानुवर्षं ओस पडली. सुप्याच्या माणसांनी भिंत पाहिली, पण त्यांचं पाहणं कुणी हिशेबात धरलं नाही. या खेपेला तरी जो राहणार आहे, त्याच्या डोळ्यांदेखत आणि त्याला सांगून-विचारून घर उभं राहावं. वाट पाहणारा माणूस हा त्या इमारतीचा पहिला रहिवासी आहे आणि त्याला उत्तर देणं हे बांधणाऱ्याच्या कामातच धरलं पाहिजे.