उघडीप

पावसात गाडी पळवणं अवघड, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मुसळधार पाऊस चालू असला की निदान सगळ्यांचं एकमत असतं: वेट टायर चढवायचे, ब्रेक लवकर दाबायचा आणि जीव मुठीत धरून चालत राहायचं. खरी पंचाईत पाऊस थांबल्यावर होते. ट्रॅक कुठे सुकला, कुठे नाही, हे दर लॅपला बदलतं आणि मागच्या लॅपची आठवण या लॅपला दगा देते. सिम्युलेटरवर नॅसकारच्या गाड्या पळवणं आणि पोरांना त्या पळवायला शिकवणं हा माझा उद्योग. त्यातला निम्मा वेळ या उघडिपीतल्या पंधरा-वीस मिनिटांवरच खर्च होतो.

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचं, म्हणजे नॅसकारचं, पावसाशी कधीच जमलं नाही. डेटोनाच्या लंबगोल, म्हणजे ओव्हल ट्रॅकची वळणं 31 अंशांनी कललेली, टॅलाडेगाची 33 अंशांनी. तिथे गुळगुळीत स्लिक टायर घालून ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावायचं, तर पाण्याचा पातळ थरही चालत नाही. म्हणून थेंब पडले की शर्यत थांबते आणि जेट इंजिन बसवलेल्या गाड्या ट्रॅक वाळवत फिरतात. 2012च्या डेटोना 500मध्ये हुआन पाब्लो माँटोयाची गाडी अशाच एका जेट ड्रायरवर आदळली, इंधन सांडलं आणि ट्रॅकला आग लागली. पावसाने आधीच एक दिवस पुढे गेलेली ती शर्यत मग आगीने थांबली! डावी-उजवी वळणं असलेल्या रोड कोर्सवर मात्र हळूहळू धीर आला. 2008मध्ये माँट्रियालला दुसऱ्या श्रेणीची मालिका वेट टायरवर धावली. मुख्य कप मालिकेला त्यासाठी 2020 उजाडावं लागलं, तेही शार्लटच्या रोव्हलवर, म्हणजे ओव्हल आणि रोड कोर्स जोडून केलेल्या ट्रॅकवर. ओव्हलवर कप शर्यतीची सुरुवात वेट टायरवर झाली ती थेट 2024मध्ये, रिचमंडला. आणि तीसुद्धा ट्रॅक नुसता ओलसर असताना.

म्हणजे मुरलेल्या नॅसकार चालकालाही पावसाचा सराव फारसा नसतो. सिम्युलेटरचं मोल इथे कळतं. आयरेसिंग या सिम्युलेटरमध्ये 2024च्या मार्चपर्यंत पाऊस पडतच नव्हता. आता पडतो, आणि नुसता पडद्यावर दिसण्यापुरता नाही. पाणी ट्रॅकच्या उतारावरून वाहतं, खोलगट जागी साचतं. गाड्यांची चाकं ते बाजूला फेकतात आणि जिथून जास्त गाड्या जातात तो पट्टा आधी सुकतो. चालकांनी वेगळी वाट धरली तर सुकणारा पट्टाही सरकतो. ट्रॅक सगळे मिळून सुकवतात, हे नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही.

न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनचं पहिलं वळण घ्या. सरळ रस्ता उतरत येतो आणि एकदम उजवीकडे वळतो. कोरड्यात सगळे एकाच रेषेवरून जातात: बाहेरून आत, आतल्या कर्बला घासून पुन्हा बाहेर. त्या रेषेवर टायरचं रबर बसत जातं आणि ग्रिप वाढते. पाऊस आला की हीच रेषा साबणासारखी होते, कारण रबराने डांबराची खरखर बुजवलेली असते. मग ब्रेक लावायचा तो नेहमीच्या पट्ट्याच्या बाजूला, उघड्या डांबरावर. आतल्या कर्बला शिवायचं नाही. गाडी आधी पुरती वळवायची, मगच ॲक्सिलरेटर. पुण्यात पहिल्या पावसात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे चुकवत स्कूटर काढणाऱ्याला हे निराळं समजवावं लागत नाही.

गाडीही दयाळू नाही. कपची सध्याची गाडी 2022पासूनची. चालकासह वजन दीड टनाच्या वर, ताकद साडेसहाशे अश्वशक्तीहून जास्त, आणि सगळी मागच्या चाकांवर. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. कोरड्यात उजवा पाय जे करतो त्याच्या निम्मं ओल्यात केलं तरी मागचा भाग फिरतो. त्यात सिम्युलेटरची स्वतःची अडचण: खुर्ची हलत नाही. खऱ्या गाडीत मागची चाकं सुटू लागली की ते आधी कमरेला कळतं. इथे ती खबर डोळ्यांनी आणि कानांनी मिळवायची. पुढची चाकं घसरू लागली की स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं. त्या क्षणी नवखा आणखी वळवतो आणि गाडी सरळ भिंतीकडे जाते. उलट, किंचित सैल सोडायचं, चाकं पुन्हा धरेपर्यंत थांबायचं. मागच्या चाकांची चाहूल इंजिनच्या आवाजात असते: गाडीचा वेग वाढत नाही आणि आवाज मात्र चढतो. म्हणून माझ्याकडे शिकताना हेडफोनवर गाणी लावायला बंदी आहे.

आता उघडीप. वेट टायरची खाचांची नक्षी पाणी कापायला असते. पाणी संपलं की त्या खाचांमधले रबराचे मऊ ठोकळे वाकतात, तापतात आणि झिजतात. एवढ्या जड गाडीखाली तर फारच लवकर. तेव्हा सरळ रस्त्यावर मुद्दाम सुकलेला पट्टा सोडून डबक्यांतून गाडी न्यायची, टायर थंड ठेवायचे. दिसायला वेडेपणा, पण त्यावर दोन-तीन लॅप जास्त निघतात. तेवढ्यात पोराचा प्रश्न येतोच.

“दादा, आत येऊ का?”

“थांब. शेवटच्या वळणात पाणी आहे अजून.”

“पुढचा गेला पिटमध्ये.”

“जाऊ दे. त्याच्या वेळा बघू आधी.”

स्लिकवर आधी जाणारा धाडस करतो आणि बाकीच्यांना फुकटात माहिती देतो. नॅसकारमध्ये टायर गरम करायची ब्लँकेटं नसतात. ओलसर ट्रॅकवर थंड स्लिक म्हणजे बाहेर पडल्याची पहिली लॅप निव्वळ तोट्याची. ती सोडून द्यायची, दुसऱ्या लॅपचे तुकडे बघायचे. सरळ रस्त्याच्या भागात तो जिंकत असेल आणि वळणांत हरत असेल, तर अजून वेळ आहे. वळणांतही बरोबरीला आला, की आपण त्याच लॅपला आत. आणखी एक लॅप खात्री करत बसणारे मला भित्रे वाटतात. सावध वगैरे काही नाही.

शिकागोच्या रस्त्यांवर 2 जुलै 2023 रोजी झालेली कप शर्यत मी शिकवताना नेहमी दाखवतो. हा ट्रॅक खऱ्या शहरात उभा राहण्याआधी 2021मध्येच आयरेसिंगवर धावून झाला होता. जोरदार पावसाने शर्यत उशिरा, वेट टायरवर सुरू झाली आणि पुढे सुकत गेली. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, दोन्ही बाजूंना भिंती आणि सुकलेली वाट जेमतेम एका गाडीची. ओव्हरटेक करायचा तर ओल्यात उतरणं आलं. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिस्बर्गन कपमध्ये पहिल्यांदाच उतरला होता. डावपेचांच्या उलथापालथीत तो अठराव्या क्रमांकाच्या आसपास फेकला गेला, तिथून वर आला आणि जिंकला. पदार्पणातच कप शर्यत जिंकणारा 1963च्या जॉनी रदरफर्डनंतरचा तो पहिलाच. ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्समध्ये तीनदा विजेता ठरलेल्या माणसाला अर्धओला रस्ता नवा नव्हता. आपली रेषा सोडायला इतर जिथे कचरत होते, तिथे तो बिनधास्त उतरत होता.

माझ्या पोरांना हवामानाच्या अंदाजाची खिडकी फार आवडते. मी ती बंद करायला लावतो. पाऊस कधी थांबेल ते ती सांगते, ट्रॅक कधी सुकेल ते नाही. त्यापेक्षा पुढच्या गाडीच्या मागचे तुषार बघा. आधी ढग असतो, त्यात फक्त तिचा मागचा लुकलुकणारा दिवा दिसतो. मग नंबर वाचता येतो. मग सरळ रस्त्यावर तुषार पुरते थांबतात आणि ब्रेक लावायच्या जागी तेवढे उडतात. तिथेही उडायचे थांबले, की पिटला कळवायचं.