पर्वतीची पहाट आणि राहिलेली झोप

पुण्याच्या जुन्या वस्तीत एखाद्या वृद्ध गृहस्थाने 'आमची रोज पर्वती असते' असे सांगितले, की पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. पहाटे पाचच्या सुमारास पायथ्याशी या, म्हणजे त्या वाक्याचा अर्थ कळतो. कानटोप्या, लोकरी शाली, हातातल्या काठ्या, आणि अंधारात एकमेकांना चेहऱ्याऐवजी चालीवरून ओळखणारी माणसे. पायऱ्या १०३. दगडी, रुंद आणि बसक्या. एका पायरीवर एकच पाऊल टाकावे तर ते लांब पडते, दोन टाकावीत तर आखूड. निदान माझे तरी तसे होते. त्यामुळे जो तो स्वतःची चाल शोधून काढतो आणि वर्षानुवर्षे तीच ठेवतो.

वरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली उभारले. पानिपतच्या वार्तेने खचलेल्या नानासाहेबांचा अंत १७६१ मध्ये याच टेकडीवर झाला, आणि १८१७ मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने येथूनच पाहिली. सकाळी चढणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात हे येत असेल. त्यांचे लक्ष गुडघ्यांकडे असते, श्वासाकडे असते, आणि 'आज किती वाजता वर पोहोचलो' या हिशेबाकडे असते. या शेवटच्या हिशेबाविषयीच मला थोडे लिहायचे आहे, कारण तो मी चार वर्षे चुकीचा मांडत होते.

माझ्या यजमानांना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय अजून पुरते साथ देत नाहीत. मुलगा बंगळुरूला, घरात आम्ही दोघेच. दिवस औषधे, अंघोळ, व्यायामाचे प्रकार, जेवण यांत वाटून गेलेला. त्यात माझा म्हणावा असा एकच तास उरला होता, तो पहाटेचा. पावणेपाचला दाराला बाहेरून कुलूप लावायचे, शेजारी दुसरी किल्ली दिलेली असायची, आणि यजमान साडेसहाला जागे होण्याच्या आत परत यायचे. रात्री त्यांना लघवीसाठी तीनदा, कधी चारदा उठवून न्यावे लागे. दहाला पडले तरी सलग झोप अशी दोन तासांपलीकडे होत नसे. तरीही गजर झाला की मी उठत असे. उठले नाही तर तो तास गेला; आणि खरे सांगायचे तर, 'या वयात आणि या परिस्थितीतही त्या रोज पर्वती चढतात' हे वाक्य कानावर पडले की बरे वाटत असे.

दिवसा मात्र मी विझलेली असे. दूध उतू जाई, हिशेबाच्या वहीत एकच खर्च दोनदा लिहिला जाई. यजमान बोलताना अडखळले की माझा धीर सुटे. पूर्वी तो सुटत नसे. 'व्यायामाने उत्साह येतो, तुझा कुठे गेला?' असे मीच मला विचारी, आणि उत्तर म्हणून एक फेरी वाढवी.

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. थंडी कडक होती. वर पोहोचून क्षणभर टेकावे म्हणून शाल गुंडाळून भिंतीच्या आडोशाला बसले. जाग आली ती कोणीतरी 'काकू, बरे वाटते ना?' असे विचारत खांदा हलवल्यावर. समोर ऊन आले होते. सात वाजून गेले होते. फोनवर शेजारच्या वहिनींचे सात फोन येऊन गेलेले.

त्या दिवशी पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही; आणि त्या वेळी पाय घसरला नाही हे निव्वळ नशीब. घरी यजमान पलंगावर टेकून बसले होते. एकटेच उठायला गेले, तोल जाऊन पलंगाच्या कडेने खाली घसरले, आणि अर्धा तास फरशीवर बसून होते. आवाज ऐकून वहिनींनी किल्लीने दार उघडले. कोपराला खरचटण्यापलीकडे लागले नव्हते. मला पाहून ते जड जिभेने एवढेच म्हणाले, 'फिरून आलीस?' त्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

त्याच आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, ती यजमानांचे कोपर दाखवायला. डॉक्टरांनी कोपर पाहिले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, 'तुम्ही झोपता किती?' मी उठण्याची वेळ सांगितली. ते म्हणाले, 'उठता किती वाजता हे नाही विचारले.'

वय वाढते तसे शरीरातले घड्याळ पुढे सरकते, संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. झोप उथळही होते. त्यामुळे वृद्धांना पहाट सोपी वाटते. पण झोपेची गरज त्या मानाने कमी होत नाही. सात तासांच्या आसपास ती राहतेच. लवकर उठणे हे लवकर आणि सलग झोपण्याचे फळ असेल तर ते अंगी लागते. झोप कापून मिळवलेली पहाट शरीर दिवसभर वसूल करत राहते. शिवाय पहाटे जाग येते त्या सुमारास रक्तदाब चढू लागतो, आणि हृदयविकाराचे व मेंदूतील रक्तपुरवठ्याचे झटके सकाळच्या तासांत अधिक येतात. सांधे रात्रभर आखडलेले असतात. मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्याबरोबर वाकणे कमरेला जड जाते. यासाठी व्यायाम सोडावा असे कोणी म्हणत नाही. उठल्यावर अर्धा-पाऊण तास घरात वावरावे, पाणी प्यावे, सांधे मोकळे करावेत आणि मग बाहेर पडावे, इतकेच. मी डोळे चोळत थेट पायथ्याशी जात असे.

आमच्या वडिलांच्या कपाटात 'अष्टांगहृदया'ची एक जुनी मराठी प्रत होती, ती त्या दिवसांत पुन्हा काढली. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा उपदेश सर्वांना ठाऊक असतो. पण वाग्भटाने तो 'स्वस्थ' माणसाला केला आहे, हा शब्द मी कधी नीट वाचलाच नव्हता. व्यायाम निम्म्या शक्तीने करावा, असेही तो सांगतो, आणि रात्री सवयीबाहेर जागरण घडले तर जितके जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपावे, असेही. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्यासारखीचा विचार करून ठेवला होता. (वृद्धांनी व्यायाम टाळावा असेही त्याने म्हटले आहे, ते मात्र आजचे वैद्यक मानत नाही, आणि मीही मानत नाही. आज आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम चालणे, आणि जोडीला तोल व स्नायूंचे बळ राखणारे व्यायाम, असे प्रमाण ज्येष्ठांनाही सांगितले जाते.) आणखी एक गंमत. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या आधी सुमारे ९६ मिनिटे सुरू होतो. पुण्यात डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तो मुहूर्त साडेपाचच्या जवळपास येतो. जूनमध्ये तोच तासभर अलीकडे सरकतो. गजर मात्र बारा महिने साडेचारचा! ज्याच्या नावाने मी उठत होते, त्या मुहूर्ताच्याही आधी मी अर्धी टेकडी चढलेली असे.

मोठा उलगडा व्हायचा होता तो औषधांच्या डबीत. यजमानांच्या रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढवणारी एक गोळी आहे. दिवसा फिजिओथेरपीच्या वेळी अडचण नको, म्हणून ती मीच, कोणाला न विचारता, रात्रीच्या खणात टाकत आले होते. डॉक्टरांनी डबी उघडून पाहिली आणि ती गोळी सकाळच्या खणात ठेवली. संध्याकाळी सहानंतरचा चहाही बंद केला. पंधरा दिवसांत रात्रीचे उठणे तीनवरून एकावर आले. चार वर्षांचा थकवा मी टेकडीवर जाऊन फेडू पाहत होते, आणि त्याचे एक मूळ माझ्याच हाताने भरलेल्या त्या छोट्या खणात होते. औषधांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत हे मी इतरांना किती वेळा सांगितले असेल! आपल्याही घरी अशी डबी असेल, तर पुढच्या भेटीत ती डॉक्टरांसमोर उघडून ठेवावी.

माझेही रक्त तपासले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्व. त्यात हिमोग्लोबिन कमी निघाले. विश्रांतीने न जाणारा थकवा वयाच्या नावावर टाकून देऊ नये, त्यामागे असे काही असू शकते. चढताना छातीत आवळल्यासारखे होणे, जबडा किंवा हात दुखणे, नेहमीच्याच चढाला नव्याने धाप लागणे किंवा पायांवर सूज येणे, हा तर थकवाच नव्हे. तेथे थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढावे की नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

आता सकाळी सातला एक मावशी घरी येतात, आणि मी सव्वासातला पायथ्याशी असते, आठवड्यातून चार दिवस. पाचच्या गटातले लोक खूप आधी घरी पोहोचलेले असतात. या वेळेला गर्दी वेगळी. शाळकरी मुले, धावणारे तरुण, देवदर्शनाला आलेली कुटुंबे. पण उजेड असतो, आणि उतरताना तो फार लागतो. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला भितो. गुडघे आणि मांड्या खऱ्या शिणतात त्या उतारावर, कारण तेथे स्नायूंना ताणले जात असतानाच भार धरावा लागतो. मी कडेने, आडवे पाऊल टाकत, वरच्यापेक्षा जास्त वेळ घेऊन उतरते. चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवते. बरोबर कोणी नसते, म्हणून पायऱ्या पुटपुटत मोजते. मोजणे तुटले की थांबते.

हिवाळ्यात वरून खाली पाहिले की उशिरा येण्याचे आणखी एक कारण डोळ्यांना दिसते. रात्री जमीन थंड पडते, तिच्यावरची हवाही जड होऊन बसते, आणि शेकोट्यांचा, वाहनांचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. सिंहगड आणि त्याच्या रांगा स्वच्छ दिसत असतात, पण पायथ्याशी सारसबागेच्या आसपास राखाडी थर साचलेला असतो. ऊन तापू लागले की तो हळूहळू विरतो. दमा किंवा जुना खोकला असणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत त्या थरातून अंधारात भरभर चालावे, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

दुपारी जेवणानंतर अर्धा तास आडवी होते. तीनच्या पुढे नाही, नाहीतर रात्रीची झोप लांबते. पूर्वी दुपारी पडण्याची लाज वाटे.

परवा रात्री यजमानांना खोकला होता, दोघेही दीडपर्यंत जागे होतो. सकाळी मावशींनी बेल वाजवली तेव्हा मी उठून दार उघडले, चहाचे आधण ठेवायला सांगितले, आणि पुन्हा जाऊन झोपले. नऊला जाग आली. यजमान खुर्चीत बसून खिडकीतून पर्वतीकडे पाहत होते. 'आज नाही गेलीस?' त्यांनी विचारले. 'नाही,' मी म्हटले. त्यांनी डाव्या हाताने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. तो केव्हाच निवला होता.